पुडीत काय आहे, ते जिवंत माणसाला कळू द्या

जयपूरच्या एखाद्या गल्लीत रात्री छापा पडतो. झडतीत पोराच्या खिशातून कागदाची पुडी निघते. पुडीत चिमूटभर भुरकट पूड. दोन पंच उभे केले जातात. अधिकारी पेटीतून छोटे तपासणी किट काढतो, चार कण वेगळे घेतो आणि त्यांवर बाटलीतले थेंब सोडतो. पूड जांभळी होते. पंचनाम्यात ओळ चढते की जप्त पदार्थ हेरॉइन असल्याचे प्राथमिक चाचणीत दिसून आले. इथे तिला स्मॅक म्हणतात. आपल्या मुंबईत एके काळी गर्द म्हणत.

पुढे नमुना लाख-मोहोर होऊन न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातो. केंद्राच्या २०२२च्या नियमांप्रमाणे प्रयोगशाळेने १५ दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि शुद्धता किती हे काढायला वेळ लागलाच, तर ते त्यापुढच्या १५ दिवसांत कळवायचे असते. म्हणजे त्या पुडीत काय होते आणि किती कडक होते, हे महिन्याभरात सरकारला ठाऊक व्हायला हवे. पण कळते कोणाला? तपास अधिकाऱ्याला, सरकारी वकिलाला, न्यायाधीशांना. त्याच संध्याकाळी त्याच विक्रेत्याकडून तीच पूड घेऊन गेलेल्या बाकीच्या पोरांना कळत नाही. त्यांच्या आईबापांना कळत नाही. सवाई मानसिंग रुग्णालयाच्या अपघात विभागात निळ्या ओठांचा मुलगा स्ट्रेचरवर येतो, तेव्हा समोर उभ्या असलेल्या निवासी डॉक्टरलाही कळत नाही.

थेंब तेच, कण तेच, शास्त्र तेच. गुन्हा सिद्ध करण्यासाठी ते आपण गावोगावच्या ठाण्यांत पोहोचवले. जीव वाचवण्यासाठी ते अजून एका दारातही पोहोचवलेले नाही. ही लाज आपली सगळ्यांची आहे, आणि ती धुऊन काढण्यासाठी हा लेख लिहितो आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात २०२२ साली देशभरात अमली पदार्थांच्या अतिमात्रेने ६८१ मृत्यू नोंदले आहेत. पंजाबात १४४. दुसरा क्रमांक राजस्थानचा, ११७. आकडा वाचून कोणी म्हणेल, एवढेच? मग त्याच्याशेजारी दुसरा आकडा ठेवा. दिल्लीच्या एम्सने केलेले आणि २०१९ साली जाहीर झालेले राष्ट्रीय सर्वेक्षण सांगते की देशात अफू, हेरॉइन आणि त्या जातीची औषधे वापरणारे २ कोटी २६ लाख लोक आहेत. त्यांपैकी ७७ लाखांना उपचारांची गरज आहे, आणि सुईने नशा टोचून घेणारे साडेआठ लाख आहेत. एवढ्या मोठ्या लोकसंख्येत वर्षाला सातशेसुद्धा मरत नाहीत, यावर माझा विश्वास नाही. पोरगा बाथरूममध्ये पडलेला सापडतो, घरचे म्हणतात झटका आला. शेजारी विचारतात, वडील मान खाली घालतात. पोस्टमॉर्टेम नको म्हणून डॉक्टरांपुढे हात जोडले जातात. बदनामीच्या भीतीने आपण मेलेल्यांची मोजदादसुद्धा होऊ देत नाही.

आता ज्या पट्टीविषयी बोलायचे आहे तिच्याकडे वळतो. दिसायला ती अगदी साधी आहे. कोविडच्या दिवसांत घरोघरी वापरली गेली किंवा गरोदरपण ओळखायला औषधाच्या दुकानात मिळते, तशीच कागदी पट्टी. कॅनडातल्या बीटीएनएक्स नावाच्या कंपनीने ती मुळात लघवीतले फेंटॅनिल शोधण्यासाठी बनवली. व्हँकुव्हर शहरातल्या, देखरेखीखाली नशा टोचून घेण्याची सोय असलेल्या इनसाइट केंद्राने २०१६ साली तीच पट्टी पुडीतला माल तपासायला वापरून पाहिली. फेंटॅनिल हे मूळचे शस्त्रक्रियेतले आणि कर्करोगाच्या वेदनांवरचे औषध आहे. हेरॉइनच्या सुमारे ५० पट आणि मॉर्फिनच्या सुमारे १०० पट तीव्र. २ मिलिग्रॅम, म्हणजे मिठाचे काही कण, एवढ्यानेही सवय नसलेल्या माणसाचा श्वास थांबू शकतो. अमेरिकेत हेच औषध चोरट्या कारखान्यांत बनून हेरॉइनमध्ये, कोकेनमध्ये, नकली गोळ्यांमध्ये मिसळले जाऊ लागले आणि २०२२ साली त्या एका देशात अतिमात्रेने एक लाखाहून अधिक माणसे गेली. एडिसनमधल्या किंवा फ्रीमाँटमधल्या मराठी घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलांनाही तिथे आज हे शिकवावे लागते, की मित्राने दिलेली डोकेदुखीची गोळीसुद्धा तोंडात टाकण्याआधी ती कुठून आली ते विचार.

पट्टी वापरायची रीत अशी. पुडीतले कण किंवा पुडीला चिकटलेली पूड स्वच्छ पाण्यात विरघळवायची, पट्टीचे टोक त्यात सुमारे १५ सेकंद धरायचे, मग ती सपाट ठेवून काही मिनिटे थांबायचे. एक रेघ उमटली तर फेंटॅनिल आहे. दोन उमटल्या तर सापडले नाही. हे गरोदरपणाच्या पट्टीच्या नेमके उलट आहे, आणि ज्याला कोणी नीट समजावून सांगितलेले नाही, त्याने दोन रेघा पाहून घाबरावे आणि एक पाहून निर्धास्त व्हावे, इतकी ही चूक सोपी आहे. म्हणून नुसती पट्टी हातात कोंबून चालत नाही. ती देणारा माणूस लागतो.

तिच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, कारण अर्धवट सांगणे इथे जिवावर बेतते. पट्टी आहे की नाही एवढेच सांगते, किती आहे ते सांगत नाही. शिऱ्यात बेदाणे जसे एका चमच्यात चार येतात आणि दुसऱ्यात एकही येत नाही, तसे पुडीतल्या विषाचे असते. एका कोपऱ्यातले कण साफ निघाले म्हणून उरलेली पूड साफ ठरत नाही. मेथॅम्फेटामिनसारख्या काही पदार्थांचे पाणी दाट झाले तर पट्टी नसलेले फेंटॅनिलही दाखवते, तेव्हा पाणी जास्त घ्यावे लागते. आणि नायटाझिन नावाची जी नवी, तितकीच घातक औषधे आता बाजारात शिरली आहेत, ती या पट्टीला दिसतच नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी पट्टी निघाली आहे. पट्टीने माल सुरक्षित होत नाही. माणूस सावध होतो, एवढेच. नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रीन्सबोरो शहरात १२५ जणांची पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. ज्यांच्या पट्टीने फेंटॅनिल दाखवले, त्यांनी आपले वागणे बदलण्याची शक्यता इतरांच्या पाचपट होती. कोणी मात्रा कमी केली, कोणी हळूहळू घेतले, कोणी माल फेकून दिला. ज्यांना आपण वाया गेलेले म्हणून सोडून देतो, त्यांनाही जगायचे असते, हे त्या पाहणीत दिसले.

अमेरिकेत कित्येक राज्यांत ही पट्टी जवळ असणे हाच गुन्हा होता. २०२१ साली तिथल्या केंद्र सरकारने तिच्यासाठी सरकारी पैसा वापरायला परवानगी दिली, आणि एकामागून एक राज्यांनी कायदे बदलले. २०२४ साली तिथले मृत्यू सुमारे ८० हजारांवर आले. त्याचे श्रेय एकट्या पट्टीला देणारा माणूस खोटे बोलेल. उतारा औषध, उपचार, बाजारातले बदल, सगळे त्यात आहे. पण पट्टीने नशा वाढेल अशी जी भीती घातली जात होती, ती खरी ठरली नाही.

मग अमेरिकेची पट्टी आणून जयपुरात वाटली की काम झाले का? नाही. आपल्या रस्त्यावरच्या पुडीत फेंटॅनिल हा अजून मुख्य शत्रू नाही. मात्र निश्चिंत राहण्यासारखी स्थितीही नाही. २०१८च्या डिसेंबरात मुंबईत वाकोल्याला पोलिसांनी फेंटॅनिल बनवण्यासाठी लागणारे १०० किलो रसायन पकडले, आणि त्याच वर्षी इंदूरमध्ये बनवलेले फेंटॅनिलही महसूल गुप्तचरांच्या हाती लागले. कच्चा माल आपल्याकडे आहे, हुशार हात आहेत, लोभ तर आहेच. पण आजचा आपला धोका वेगळा आहे. इथल्या स्मॅकमध्ये कॅफिन आणि पॅरासिटामॉल मिसळलेले असते, आणि घेणारे लोक तिच्या जोडीला अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळ्या, दारू, ट्रामाडोल किंवा टॅपेंटाडॉलच्या गोळ्या घेतात. अफूच्या जातीचे औषध आणि झोपेची गोळी एकत्र आली की दोन्ही मिळून श्वास दाबतात. दुसरीकडे एमडी, म्हणजे मेफेड्रोन. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतला कारखाना उघडकीला आणला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये गुजरातच्या दहशतवादविरोधी पथकाने आणि केंद्रीय अमली पदार्थ नियंत्रण विभागाने राजस्थानात जोधपूरजवळ ओसियां आणि जालोर जिल्ह्यात भीनमाळ इथल्या प्रयोगशाळांवर छापे घातले. चोरट्या भट्टीत शिजलेल्या या मालाची प्रत रोज बदलते, आणि पुडीवर काही लिहिलेले नसते.

राजस्थानचे दुखणे तर पिढ्यांचे आहे. मारवाडात पाहुण्यापुढे तळहातावर अफूचे पाणी धरून मनुहार, म्हणजे आग्रह, करायची रीत होती आणि काही ठिकाणी आजही आहे. तिथे अफूला अमल म्हणतात. आपल्या ‘अमली पदार्थ’ या शब्दात तोच अमल बसला आहे. त्या रीतीचे गोडवे मला गायचे नाहीत, तिनेही घरे बुडवली. पण म्हाताऱ्याला आपला अमल ओळखीचा होता, वास आणि चव ठाऊक होती, किती झेपते ते माहीत होते. सरकारी परवान्यावर मिळणारे डोडा-पोस्त, म्हणजे अफूच्या बोंडांचा भुसा, २०१५-१६च्या सुमारास बंद झाले. परवाना संपला म्हणून चाळीस वर्षांची सवय संपत नाही. शिबिरे झाली, काही जण सुटले. जे सुटू शकले नाहीत ते ओळखीच्या विषाकडून अनोळखी पुडीकडे ढकलले गेले. पुरवठा बंद करणारा हात आणि उपचार देणारा हात एकाच वेळी पुढे आला नाही, तर मधल्या फटीत माणूस मरतो.

म्हणून आपल्याला एका पट्टीपेक्षा मोठी गोष्ट मागितली पाहिजे. मला नेदरलँड्सचे उदाहरण नेहमी आठवते. तिथे १९९२ पासून सरकारी पैशाने चालणारी तपासणी व्यवस्था आहे. माणूस आपली गोळी घेऊन येतो, तपासून घेतो, त्याचे नाव कोणी विचारत नाही. डिसेंबर २०१४ मध्ये त्यांच्याकडे सुपरमॅनचे चिन्ह असलेली एक गुलाबी गोळी आली. तपासली तर आत पीएमएमए नावाचे भलतेच घातक रसायन निघाले. वर्तमानपत्रे, दूरचित्रवाणी, सगळीकडे इशारा गेला की ही गोळी घेऊ नका. नेदरलँड्समध्ये त्या गोळीने एकही मृत्यू नोंदला गेला नाही. त्याच गोळीने इंग्लंडमध्ये नाताळ ते नववर्षाच्या दिवसांत चार जण दगावले. गोळी एकच होती. फरक होता तो वेळेवर पोहोचलेल्या बातमीचा. न्यूझीलंडने २०२१ साली कायदाच करून अशी तपासणी खुली केली, ऑस्ट्रेलियात कॅनबेराने २०२२ साली केंद्र उघडले.

आपल्याकडे इशारा कसा मिळतो, ते आठवा. जून २०१५, मालाडचे मालवणी. विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. आधी एक प्रेत, मग पाच, मग वीस, आणि मग कळले की दारूत मिथेनॉल आहे. आपल्या देशात धोक्याची घंटा प्रेतांनीच वाजवायची असते.

आता तो प्रश्न, जो हे वाचताना तुमच्या मनात केव्हाचा उभा आहे. पोरांच्या हातात तपासणीची पट्टी देणे म्हणजे नशेला परवानाच देणे नव्हे का? मला या प्रश्नाचा राग येत नाही, कारण तो बहुतेक वेळा एखादी आई विचारते. पण महाराष्ट्राने हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी ऐकला आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. साधने दिली की व्यभिचार माजेल, असे तेव्हा चांगली चांगली माणसे म्हणत. १९२५ साली त्यांची विल्सन महाविद्यालयातली प्राध्यापकी गेली. १९२७च्या जुलैपासून १९५३ साली प्राण जाईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ चालवले, खटले सोसले, दंड भरले. १९३४च्या खटल्यात त्यांच्या बाजूने उभे राहिले ते बाबासाहेब आंबेडकर. आज कुटुंबनियोजनाची साधने सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, आणि ज्या समाजाने कर्व्यांना वाळीत टाकले त्याच समाजाच्या नाती त्या दवाखान्यात जातात.

पुढे एड्स आला. सांगलीत मीना शेषू यांनी १९९२ मध्ये संग्राम ही संस्था उभी केली आणि वेश्यावस्तीत त्या बायकांच्याच हातून निरोध वाटले. तोच आरोप. मुंबईत एल्ड्रेड टेलिस यांनी १९९५ साली संकल्प ही संस्था काढून नशा टोचून घेणाऱ्यांना स्वच्छ सुया देण्याचे काम आरंभले. पुन्हा तोच आरोप. नंतर सरकारच्या एड्स नियंत्रण कार्यक्रमाने सुयांचे वाटप स्वीकारले आणि जिभेखाली ठेवायच्या ब्युप्रेनॉर्फिनच्या गोळ्यांचे उपचारही सरकारी केंद्रांत फुकट सुरू झाले. स्वच्छ सुई दिल्याने नशा वाढली नाही, एचआयव्ही रोखायला तिची मदत झाली. सुईला जे लागू पडले, ते पट्टीला लागू पडणार नाही, असे मानायला माझ्याजवळ एकही कारण नाही.

नशा सोडवण्याच्या कामाला हा विरोध नाही. त्या कामाबद्दल मराठी माणसाला अभिमान वाटावा असे आपल्याकडे घडले आहे. अनिल अवचटांनी गर्दच्या विळख्यातल्या पोरांवर लिहिले, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला आले, आणि डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात मुक्तांगण उभे राहिले. अवचटांनी त्या पोरांकडे माणूस म्हणून पाहिले. आपण मात्र त्याच काळात ‘गर्दुल्ला’ हा शब्द तयार केला आणि अजून सहज वापरतो. इकडे ‘स्मॅकची’ म्हणतात. शब्द एकदा चिकटला की तो माणूस आपल्या दयेच्या हद्दीबाहेर जातो.

आणि व्यसनमुक्ती केंद्रांत काम करणाऱ्यांनी एक गोष्ट प्रत्येक घरच्यांना बसवून सांगितली पाहिजे. तीन महिने केंद्रात राहून मुलगा घरी येतो. शरीराची सवय मोडलेली असते. एखाद्या संध्याकाळी पाय घसरतो आणि तो जुन्याच अंदाजाने जुनीच मात्रा घेतो. काल झेपणारी मात्रा आज जीव घेते. तुरुंगातून सुटलेल्यांचेही असेच होते. सोडण्याचा प्रयत्न करणाराच सर्वांत जास्त धोक्यात असतो, हे ज्याच्या लक्षात आले, तो पट्टीला आणि उताऱ्याला व्यसनाचे लाड म्हणणार नाही.

उतारा आहे. त्याचे नाव नालोक्सोन. अफूच्या जातीच्या औषधाने थांबलेला श्वास तो काही मिनिटांत परत आणतो. एमडीवर त्याचा उपयोग नाही, पण स्मॅक, ट्रामाडोल, फेंटॅनिल यांच्यावर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ सालीच सांगितले की अतिमात्रा जिच्या डोळ्यांसमोर घडू शकते त्या व्यक्तीच्या हातात हे औषध असावे, मग ती मित्र असो, आई असो वा कार्यकर्ता. आपल्याकडे ते अजून मुख्यतः रुग्णालयाच्या कपाटात आहे. खुणा लक्षात ठेवा. हाक मारून, जोरात हलवून जाग येत नाही, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक, ओठ आणि नखे निळसर, घशातून घोरल्यासारखी घरघर, श्वास अगदी सावकाश. “झोपू दे, उतरेल सकाळी” म्हणून पांघरूण घालू नका. ११२ किंवा १०८ला फोन करा, श्वास थांबला असेल तर तोंडाने श्वास द्या, श्वास चालू असेल तर कुशीवर वळवून ठेवा, आणि काय घेतले ते डॉक्टरांना लपवू नका. नालोक्सोनचा असर अर्ध्या ते दीड तासात ओसरतो आणि विष पुन्हा डोके वर काढू शकते, म्हणून शुद्धीवर आला तरी रुग्णालयात न्यायचेच.

पण फोन करायला हात धजत नाही, हे मला ठाऊक आहे. पोलिसांची भीती असते. सोबतचे मित्र पडलेल्याला सोडून पळतात ते याच भीतीने. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली संरक्षण दिले, २०१९ साली ते मोटार वाहन कायद्यात आले, आणि राजस्थानने २०२१ मध्ये जखमीला दवाखान्यात पोहोचवणाऱ्याला ५ हजार रुपयांचे बक्षीस ठेवले. मग अतिमात्रेने पडलेल्या मित्राला उचलणाऱ्याला हेच संरक्षण का नाही? याच राजस्थानने २०२३ साली आरोग्याच्या हक्काचा कायदा केला, देशात पहिला, आणि तातडीच्या उपचारासाठी आधी पैसे मागता येणार नाहीत असे त्यात लिहिले. ज्या राज्याने एवढी हिंमत दाखवली, त्याने पुढचे पाऊल टाकावे.

कायद्याची आडकाठी सांगितली जाईल. १९८५चा अमली पदार्थ कायदा कडक आहे. तपासण्यासाठी म्हणून पुडी हातात घेणारा कार्यकर्ताही ताबा बाळगणारा ठरू शकतो. खरे आहे. पण त्याच कायद्याच्या कलम ८ मध्ये वैद्यकीय आणि शास्त्रीय कारणांसाठी वाट ठेवलेली आहे, २०१४च्या दुरुस्तीने व्यसनाच्या उपचाराबरोबर त्याचे व्यवस्थापनही सरकारच्या कामात घातले आहे, आणि उपचाराला स्वतःहून येणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून सूट देणारे कलम ६४अ त्याच पुस्तकात आहे. दार बंद नाही, ते उघडायची इच्छा दाखवा. ज्या सरकारी केंद्रांत ब्युप्रेनॉर्फिन मिळते, तिथेच पट्टी, रसायनाचे थेंब आणि नालोक्सोन ठेवायला परवानगी द्या. महिन्यातून एकदा, जयपूरची न्यायवैद्यक प्रयोगशाळा असो की मुंबईची कलिना इथली, पुड्यांत काय निघाले ते आरोग्य खात्याने जाहीर करावे.

आपली सांगली जिल्ह्यातली विटा-खानापूर-आटपाडीकडची गलाई करणारी मंडळी देशभरच्या सराफ बाजारांत पसरली आहेत. त्यांना विचारा, कस लावल्याशिवाय सोने घेता का? कसोटीच्या दगडावर रेघ ओढायची आणि वर आम्लाचा थेंब, की खरे-खोटे समोर येते. जयपूरच्या जौहरी बाजारात दहा ग्रॅम सोन्यासाठी जी काळजी घेतली जाते, ती शेजारच्या गल्लीत मरणाऱ्या पोरासाठी घ्यायला आपल्याला लाज का वाटावी?

आता करायचे काय, तर इथल्या मातीनेच ते शिकवले आहे. माहितीचा अधिकार राजस्थानात जन्मला. अरुणा रॉय आणि त्यांच्या मजदूर किसान शक्ती संघटनेच्या खेडूत बायाबापड्यांनी एप्रिल १९९६ मध्ये ब्यावरला ४० दिवस धरणे धरले, १९९७ मध्ये जयपुरात ५३ दिवस. मजुरीच्या हजेरीपटात काय लिहिले आहे ते आम्हाला दाखवा, एवढीच त्यांची मागणी होती. महाराष्ट्रात अण्णा हजारे यांनी त्यासाठी उपोषणे केली. २००५ साली देशाचा कायदा झाला. हजेरीपट पाहण्याचा हक्क ज्यांनी मिळवला त्यांच्या राज्यात पुडीत काय आहे ते पाहण्याचा हक्क मागायला आपण उभे राहू या. जयपूरच्या मराठी मंडळींनी गणपतीच्या मांडवात या विषयावर एक संध्याकाळ द्यावी. पुण्या-मुंबईच्या, नाशिकच्या, पणजीच्या वाचकांनी आपापल्या राज्यात हेच करावे. डॉक्टरांनी आपल्या संघटनांत ठराव मांडावा. आणि ज्या घरात असा मुलगा किंवा मुलगी आहे, त्यांनी दार लावून रडत बसू नये. १४४४६ हा सरकारचा मोफत क्रमांक आहे, तिथे बोलावे.

आणि सुरुवात म्हणून न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करा. तो असा लिहा. गेल्या बारा महिन्यांत तपासलेल्या स्मॅक आणि एमडीच्या नमुन्यांत मुख्य पदार्थाखेरीज काय काय निघाले, शुद्धता कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती होती, आणि ही माहिती आरोग्य खात्याला कधी कळवली. आरोपींची नावे नकोत, खटल्यांचे क्रमांक नकोत, म्हणजे तपासाला बाधा येते हे कारण पुढे करता येणार नाही. अर्जात माहितीच्या अधिकाराच्या कायद्याचे कलम ७ लिहायला विसरू नका. माणसाच्या जिवाशी संबंधित माहिती ४८ तासांत द्यावी, असे ते कलम सांगते. केंद्राच्या नियमांप्रमाणे अर्जाची फी १० रुपये आहे.